पौर्णिमेला साडेदहाची भरती

पनवेलच्या उरण नाक्यावर मासळीचा वास जिथे संपतो आणि शाईचा सुरू होतो, नेमक्या त्या जागी यूनुसचं 'अबरार प्रिंटर्स' आहे. अबरार हे त्याच्या वडिलांचं नाव. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांच्या वेळची पाटी अजून तशीच आहे. ती रंगवून का घेत नाहीस, असं विचारलं की यूनुस म्हणतो, "वेळ कुठाय?" आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पाटीवरची अक्षरं जुळवायला बसतो.

यूनुसचं वय बावन्न. नवरा-नवरी कोण हे विसरेल, पण पत्रिका विसरणार नाही अशातला माणूस. लग्नाला गेला की आधी जेवणाच्या यादीचा समास बोटाने मोजतो. दोन अक्षरांमध्ये जरा जास्त फट दिसली तर बिर्याणीचा घास त्याच्या घशाखाली उतरत नाही. त्याची बायको फहमिदा म्हणते, "माझे केस पांढरे झाले ते यांना दोन वर्षांनी कळलं. पण समोरच्या बोर्डावर 'क्ष'चा पाय तुटलाय, हे यांना रस्त्यापलीकडून दिसतं."

यूनुसला कामाचा कंटाळा नाही. तेच काम दुसऱ्यांदा करायचा आहे. या एका दुर्गुणापायी त्याने चार वर्षांपूर्वी सगळे वापरतात ते सॉफ्टवेअर सोडलं आणि इंटरनेटवरून एक फुकट मिळणारी अक्षरजुळणीची प्रणाली शिकून घेतली. बाकीचे छापखानेवाले माउसने पान मांडतात. यूनुस पानाला पत्र लिहितो. इथे मथळा ठळक घे, इथे तीन रकाने कर, खाली अर्धा इंच सोड. पान मुकाट्याने ऐकतं. आणि त्याच पत्रात मधेच छोटासा प्रोग्रामही लिहिता येतो. मग आकडे टाइप करायला नकोत. ते कसे काढायचे तेवढं सांगायचं; पान हिशोब करतं आणि उत्तरं आपल्या आपण रकान्यात नेऊन बसवतं. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी यूनुसने दुकान अर्धा तास बंद ठेवून मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. मुलगा झाला का, असं दोघांनी विचारलं.

या प्रकाराचा पहिला मान रमजानच्या वेळापत्रकाला मिळाला. सहरी, इफ्तार, चांदाची तारीख, सगळं पानानेच काढलं. मशिदीची कमिटी खूश झाली. यूनुस इतका खूश झाला की आता पनवेल तालुक्यातला एकही आकडा हाताने टाइप करायचा नाही, असं त्याने ठरवलं. आणि तालुक्याबाहेरचे एक हजार चारशे साठ आकडे तर समोर वाट बघतच होते.

हे आकडे दादूकाकांचे. दादूकाका उरणजवळच्या करंजा बंदरातले, वय एकाहत्तर. होडी आता त्यांचा मुलगा परेश चालवतो. तिथल्या मच्छीमार सोसायटीचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर अबरारमियांच्या काळापासून याच दुकानात छापलं जातं. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. गणित दादूकाकांचं. त्यांची रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. हे सगळं ते बोटांवर करत, शंभर पानी वहीत पेन्सिलीने उतरवत आणि वही यूनुसच्या हवाली करत.

गेल्या वर्षी यूनुसने त्या वहीतला एक आठवडा दोनदा टाइप केला. त्यामुळे परेश होडीसकट चिखलात बसला आणि पाणी येईपर्यंत सबंध बंदराने त्याला पाहून घेतलं. मासे सुकवणाऱ्या बायकांनी तिथेच चहा पाठवू का, असंही विचारलं. कोळ्याच्या पोराने समोरचं पाणी न बघता मोबाइलमधला कॅलेंडरचा फोटो का बघितला, हा प्रश्न मात्र दादूकाकांच्या घरी कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारून दुकानात आले होते.

"तुजा बाप शिशाची अक्षरं एकेक करून लावायचा," ते म्हणाले. "त्याच्या हातनं कवा चूक झाली नाय. तुज्याकडं येवढा कॉम्प्युटर हाय. आता परत चुकलास तर सोसायटी उरणला छापील. मग माज्याकडं बोलू नको."

यूनुसला हे लागलं. कामं त्याच्याकडे पुष्कळ होती. पण वडिलांनी हातात दिलेलं, त्यांच्या नावाखाली छापलं जाणारं हे एकच काम उरलं होतं, आणि ते आता एका चुकीवर येऊन ठेपलं होतं. म्हणून यंदा त्याने वही मागितलीच नाही. दादूकाकांचं गणित सरळ पानाच्या पत्रात लिहून टाकलं. माणूस टाइप करतो म्हणून चुकतो. टाइपच केलं नाही तर चुकणार कोण?

नोव्हेंबरात प्रूफ तयार झालं. दादूकाका आले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. वही कुणी मागितली नव्हती, तरी पिशवीत होतीच.

"काका, वहीची गरज नाही आता," यूनुस म्हणाला. "तुमचं गणित मी पानातच घातलंय. लुआ नावाच्या भाषेत."

"लुआ कोन?"

"पोर्तुगीज नाव आहे. म्हणजे चंद्र."

"मंग त्याला भरतीचं ठावं असंल," दादूकाका म्हणाले आणि नव्या डोळ्याने जानेवारी वाचू लागले. फहमिदाने चहा आणून ठेवला. त्यांचं बोट रकान्यावरून उतरत पौर्णिमेपाशी थांबलं. चहावर साय आली तरी बोट तिथून हललं नाही.

"यूनुस, पुनवेला भरती साडेधाला?"

"असेल ना. पानानेच काढलंय."

"पानानं काडू दे नायतर पोर्तुगीजानं काडू दे. पुनवेला सव्वाअकरा. माज्या आज्यालाबी सव्वाअकरा, त्याच्या आज्यालाबी सव्वाअकरा. ह्यो पाऊन तास कुठं गेला?"

यूनुसने पडद्यावर आपला प्रोग्राम उघडला. गुणाकार बरोबर होता. पाऊण बरोबर होतं. त्याने फेब्रुवारी काढला, मार्च काढला. सगळीकडे पौर्णिमा पाऊण तास तरी लवकर, एके ठिकाणी तर दीड तास. कॅलेंडर दिसायला मात्र इतकं देखणं होतं की चूक मान्य करायला त्याला जड गेलं. रकाने रेघ मारल्यासारखे सरळ, समास चोख, आणि समुद्र पाऊण तास पुढे.

ताडून बघायला काढलेली वही दादूकाका पिशवीत ठेवू लागले. प्रूफ त्यांनी टेबलावरच सोडलं.

फहमिदा कपबशी उचलायला आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. "अहो, हे रमजानचंच नाही का?"

"त्यातलाच तुकडा घेतलाय. चांदाची तारीख काढणारा. चांद काय दोन आहेत?"

"चांद एकच. पण आपला महिना सुरू कधी होतो?"

"कोर दिसली की."

"आणि यांचा?"

यूनुसने दादूकाकांकडे पाहिलं. दादूकाका पिशवीत हात घालून उभे होते, त्यांनीच उत्तर दिलं. "आवस सरली की. कोर दिसंपर्यंत आमची बीज-तीज होऊन जाते. दिसायची वाट बगत बसलो तर पानी निगून जाईल."

"म्हणजे पौर्णिमेला तुमची पंधरावी आणि माझी चौदावी," यूनुस हळूच म्हणाला. "चौदा गुणिले पाऊण, साडेदहा."

"बारा वर्षं शेजारी कॅलेंडर लटकतंय," फहमिदा म्हणाली. "ईदचं एक, भरतीचं एक. बघायचं कुणी? यांना फक्त समास दिसतात." आणि ती कपबशी घेऊन आत गेली.

यूनुसने एक ओळ बदलली. मोजणी कोर दिसल्यापासून नको, अमावास्या संपल्यापासून धर. मग एक बटण दाबलं. दादूकाकांच्या डोळ्यांदेखत बारा महिन्यांची पानं पुन्हा जुळून आली. पौर्णिमा, सव्वाअकरा. अष्टमी, सहा. एक हजार चारशे साठ आकडे आपापल्या जागी, आणि एकही समास न हलता.

दादूकाकांनी पडद्यावरच्या पौर्णिमेवर बोट टेकवलं.

"येवढ्यात झालं?"

"हो."

"मला आठ दिस लागतात." त्यांनी वही पिशवीतून परत काढली, उगाच चाळली. "तरी मी आता हो बोलनार नाय. कागद काय, बोलंल ते बोलंल. परवा सष्टी हाय. करंजाला ये. पानी बोलंल ते खरं."

षष्ठीला सहा गुणिले पाऊण, भरती साडेचारला. चार वाजता यूनुस प्रूफचं पान घेऊन करंजाच्या धक्क्यावर उभा होता. परेशही होता, पण या विषयात आपण न बोललेलं बरं, हे ओळखून जाळं आवरत होता. दादूकाकांनी पाण्याच्या किंचित वर, पायरीवर एक शिंपली ठेवली. पाणी चढतं तोवर शिंपली वर सरकवायची. सरकवायची गरज संपली की भरती भरली. त्यांचं यंत्र एवढंच.

साडेचार वाजले. पाणी शिंपलीला लागलं. दादूकाकांनी ती वर सरकवली. चार पस्तीसला पुन्हा सरकवली. यूनुसने घड्याळाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि पान पाठीमागे धरलं. चार चाळीसला पुन्हा सरकवली. उरणच्या छापखान्याची पाटी कुठल्या रंगाची आहे, हेसुद्धा यूनुसला आठवू लागलं होतं.

चार सेहेचाळीसला पाणी थांबलं.

परेशने जाळ्यातून मान वर केली. "बाबा, सोळा मिन्टं..."

"तू गप." दादूकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. गणित यूनुसचं असतं तर एव्हाना कॅलेंडर उरणला पोचलं असतं. पण पानात होतं ते त्यांचं होतं, त्यांच्या आज्याचं होतं, आणि आता ते हजार घरांच्या भिंतीवर जाणार होतं. त्यांनी समोरच्या खाडीकडे बघितलं, एखाद्या उशिरा आलेल्या खलाशाकडे बघावं तसं.

"आज पानीच उशिरा आलंय," ते म्हणाले. "वारा उलटा हाय ना. आन तो कागद इकडं, सही करतो."

यूनुसने पान पुढे केलं. दादूकाकांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, पान परेशच्या पाठीवर टेकवलं आणि नाव लिहिलं. मग खाली, शिंपलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती पन ने. तुज्या बायकोला दे. चांद बगायला तिला ठेव, तू समास बग."