टेंपररी मास्तर

कुंभारे गुरुजी गेल्याचं मला माझ्याच टेबलावर कळलं. सकाळच्या टपालात मुळशीकडून आलेला एक कागद होता: ‘सदर शाळेतील टेंपररी शिक्षक मयत झाल्याने जागा रिकामी झाली आहे, तरी दुसरा टेंपररी शिक्षक देण्याची तजवीज व्हावी.’ नावसुद्धा नव्हतं. गावाचं नाव वाचलं आणि समजलो. शेजारचे कारकून चहा पीत होते. मी कागदावर आवक नंबर घातला, तारीख घातली… आणि मग मोरीपाशी जाऊन ओकलो. त्या दिवसापासून ‘टेंपररी’ हा शब्द ऐकला तरी तोंडाला तीच चव येते.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या गावात शाळा निघाली आणि पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन गुरुजी आले. आमच्या घरात तोवर कुणी पाटीला हात लावला नव्हता. आज मी बी. ए. झालो, शाळाखात्याच्या कचेरीत बसतो, चार ओळी नीट लिहितो, ते त्यांनी हात धरून गिरवून घेतलं म्हणून. शाळेला लागूनच सखूआत्याचं घर होतं. तिच्या पडवीत ते राहत. तिनं पहिल्याच दिवशी त्यांच्या नेमणुकीचा कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “मास्तर, ह्यात काय लिवलंय वं?”

“टेंपररी लिहिलंय, आत्या.”

“म्हंजी?”

“म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही.”

आत्या खो खो हसली. “मंग आमी बी टेंपररीच की! धरनाचं पानी आलं तवा मी नवी नवरी. मामंजी म्हनले, दोन पावसाळं ह्या खोपटात काढू, मंग बगू. आता माज्या नातवाचं बारसं बी हितंच झालं. तुमी बी ऱ्हावा दोन पावसाळं!”

त्या दिवसापासून शब्द गावभर झाला. भाताच्या खाचराचा बांध फुटला, गवत आणि चिखल कोंबून पाणी थोपवलं, की ते टेंपररी. जू मोडलं, काथ्यानं आवळलं, टेंपररी. सासुरवाडीला येऊन महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या जावयाला आमच्याकडे ‘टेंपररी पाव्हनं’ म्हणत आणि तो जावईही हसे. गावाच्या तोंडात त्या शब्दाला एक इमान होतं. आज जमेल तसं बांधू, पाऊस उघडला की पक्कं करू. आणि पाऊस उघडल्यावर माणसं खरंच पक्कं करत. कचेरीत पावसाळे मोजायची रीत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दर उन्हाळ्यात गुरुजींची नेमणूक संपे. ते किल्ली पाटलांकडे देत, ट्रंक उचलत आणि जूनमध्ये नवा कागद घेऊन पुन्हा येत. असं पंधरा वर्षं. वर्गात इंग्रजी शब्द शिकवताना ते प्रत्येक शब्दाचं वाक्य करून घेत, या एका शब्दाचं मात्र कधी घेतलं नाही. त्यांनी वर्गाच्या भिंतीत एक खुंटीही मारली नाही. कोट आणि छत्री खिडकीच्या मधल्या गजाला अडकवत. आत्या खुंटी घेऊन आली तेव्हा म्हणाले, “नको आत्या. टेंपररी माणसानं सरकारच्या भिंतीला भोक पाडू नये.”

“लई शानं!” आत्या म्हणाली. “आमी तर टेंपररी भितीत देव बशिवलाय.”

गेल्या वर्षी त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन महिने पडून राहायला सांगितलं. टेंपररी माणसाला तेवढी रजा नसते. घरी बसलं तर जागा दुसऱ्याला जाते, आणि जूनमध्ये कागद येत नाही. म्हणून कायम करावं असा अर्ज घेऊन ते आमच्या कचेरीत आले. माझ्या टेबलापुढे उभे राहिले, मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. “घाई नाही,” म्हणाले, “तुला जमेल तेव्हा साहेबांपुढे ठेव.”

मला त्याच दिवशी जमलं असतं. पण माझा स्वतःचा कायम होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी आत होता आणि अशा वेळी साहेबांना दुसरी कटकट नको, असा मी विचार केला. दीड महिना तो अर्ज माझ्या खणात पडून होता. माझी सही झाली, मी कचेरीत पेढे वाटले आणि मग अर्ज आत नेला. साहेब पेढा चघळत म्हणाले, “टेंपररीला कायम करायचं आणि लगेच रजेवर पाठवायचं? खोकत खोकत शिकवतोय ना? मग चाललंय की. लिहा, विचार करता येत नाही.” मी लिहिलं. वळणदार, सुरेख लिहिलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा गुरुजी पडवीत भिंतीला टेकून बसले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून तेवढे तरी बसले होते. उशाशी तोच नकाराचा कागद. त्यांनी धाप आवरत तो उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “अक्षर तुझं आहे ना? चांगलं राखलंस.” त्यात टोमणा नव्हता. ते खरंच खूश होते. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. सुट्टी संपल्यावर ते पुन्हा वर्गात उभे राहिले, आणि माघ संपायच्या आत गेले.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. साहेब जीपनं आले. हार घातलेला फोटो खुर्चीवर टेकवून ठेवला होता, भिंतीला खिळा नव्हता म्हणून. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, हे जीवनच टेंपररी आहे. आपण सगळेच इथे टेंपररी.” लोकांनी माना हलवल्या. सखूआत्या तेवढी उठली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मला साहेबांची किळस आली आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून मीही मान हलवतोय, हे ध्यानात आल्यावर माझी जास्त आली. साहेब टेंपररी नव्हते. मीही नाही. माझ्या खुर्चीमागे भिंतीत सागवानी खुंटी आहे, कोट अडकवायला.

सभा आटोपल्यावर खोलीत कुणी राहिलं नाही. मी कोट काढला आणि सवयीनं खुंटी शोधली. भिंती कोऱ्या. मग खिडकीशी गेलो. आमच्याकडच्या पावसात लोखंड टिकत नाही. कडेच्या गजांना हात लावला तर तळवा तांबडा झाला. मधला गज मात्र, एक वीत उंचीभर, पंधरा वर्षांच्या घासण्यानं गुळगुळीत, काळा, चकचकीत होता.

मी कोट परत अंगात घातला.