गार काही देऊ नको

आखाडा बाळापूरपासून आत सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. विहाराच्या मागच्या खोलीत अंगणवाडी भरते आणि मी तिथं सेविका आहे. ओढा ओलांडला की पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. तिथली आठ-दहा लेकरं रोज माझ्याकडं येतात. त्यातल्या एका तीन वर्षांच्या पोराला जे झालं, ते मी आजवर कुठंच नीट सांगितलेलं नाही.

सोयाबीनची खुरपणी चालू होती. एका सकाळी आमच्या गल्लीतल्या मुलीच्या तळहातावर मला लाल पुटकुळ्या दिसल्या. अंगही जरा तापलेलं होतं. मदतनीस मावशी म्हणाल्या, "उष्णता हाय, दुसरं काही न्हाई." मलाही तसंच वाटलं. मुलगी दिवसभर बसली. तोंडात घातलेली खेळणी तिनं दुसऱ्यांना दिली, सगळ्यांच्याच पेल्यानं पाणी प्याली. पुढच्या आठवड्यात आणखी चार लेकरांच्या हातापायांवर तसलेच फोड आले.

गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, देवी आल्या. मी त्यांना हसले. मी बारावी झालेली, दर महिन्याला बैठकीला जाणारी. मी ठामपणे सांगितलं, देवीबिवी काही नाही, कांजिण्या आहेत. कांजिण्या छाती-पोट-पाठीवर भरून येतात, आणि या लेकरांची पोटं-पाठी साफ होती. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मी पाहिलं नाही.

तांड्यावरचं ते पोरगं तसं अबोल, पण खिचडी आवडीनं खायचं. त्याच आठवड्यात एके दिवशी त्यानं ताट दूर सारलं. वजनात ते आधीच कमी भरत होतं, त्यामुळं ते जेवलं नाही की माझा जीव खालीवर व्हायचा. मी त्याला मांडीवर घेतलं, हनुवटी धरली आणि चमचा तोंडात घातला. खिचडीत त्या दिवशी तिखट जरा जास्त पडलं होतं. पोरगं असं किंचाळलं, की बाकीची लेकरं गप्प झाली. मी म्हणाले, "नाटकं करू नको," आणि दुसरा चमचा घातला.

दुपारी त्याची आई शेतातून त्याला न्यायला आली. पंचविशीची बाई, नवरा-बायको दोघं दोन एकरांत राबणारी. मी तिला पोराचे तळपाय दाखवले. बारके, करड्या पाण्याचे फोड होते.

"कांजिण्या आहेत," मी म्हणाले. "आठ दिवस घरीच ठेव. आपोआप जातात."

"खायला काय देऊ, बाई?"

"गरम पेज दे, कोमट पाणी दे. गार काही देऊ नको. दही-ताक तर बिलकुल नको, खोकला होईल."

"बराबर," ती म्हणाली आणि पोराला कडेवर घेऊन गेली.

चौथ्या दिवशी सकाळी ती परत आली. पोरगं खांद्यावर मान टाकून पडलेलं होतं. "काहीच घेऊन न्हाई राहिला," ती म्हणाली. "पेज तोंडाजवळ नेली की रडते. कालपासून तर रडणंबी कमी झालं."

मी विचारलं, लघवी कधी केली? तिला आठवेना. काल दुपारी असेल, म्हणाली. मी पोराला घेतलं. ओठ सुकून फाटलेले, डोळे आत गेलेले. ते रडत होतं, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. मोबाइलची बॅटरी लावून मी त्याचं तोंड उघडलं. जिभेवर, गालांच्या आत, टाळूला, सगळीकडे पांढुरके व्रण, कडेनं लालभडक. या तोंडात मी चमचा कोंबला होता.

ऑटो करून आम्ही बाळापूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तळहात पाहिले, तळपाय पाहिले, चड्डी सरकवून ढुंगणावरचे दोन-चार फोड पाहिले, तोंडात पाहिलं. मग म्हणाल्या, "या कांजिण्या नाहीत. हा हात-पाय-तोंडाचा आजार. लहान लेकरांत होतो. थुंकीतून, शेंबडातून, फोडातल्या पाण्यातून, शी धुतल्यावर नीट न धुतलेल्या हातांतून पसरतो. बहुतेक लेकरं आठ-दहा दिवसांत औषधाशिवाय बरी होतात. पण तोंड आलं की लेकरू पाणी सोडतं, आणि खरा धोका तिथं असतो." बोलता बोलता त्या पोराच्या हातावर शीर शोधत होत्या. दोनदा सुई टोचली, शीर सापडली नाही. पोरानं हातसुद्धा ओढून घेतला नाही.

"घरी काय देत होतात?" त्यांनी विचारलं.

"गरम पेज. कोमट पाणी," आई म्हणाली.

"तोंडात जखमा असताना गरम कसं गिळेल ते? गार दूध, दही, गार पाणी घोट-घोट पाजायचं होतं. गरम द्यायला कोणी सांगितलं?"

मी शेजारीच उभी होते. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "कोणी न्हाई," ती म्हणाली. "आमचंच."

मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

तिसऱ्या खेपेला सलाईन लागलं. तासाभरानं झोपेतच पोरगं दचकायला लागलं, हात-पाय एकदम झटकायचं, हाक मारली तर डोळे उघडायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. शंभरात एखाद्यालाही होत नाही, पण हा आजार कधी मेंदूपर्यंत जातो, त्या म्हणाल्या, आणि नांदेडला पाठवायचं ठरवलं. रुग्णवाहिकेत आई, तिचा नवरा आणि मी. वारंगा फाट्यावर ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा आई पोराच्या कानाशी तोंड नेऊन तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होती. मला ते शब्द कळले नाहीत. नवरा बाहेर बघत होता. माझ्याशी कोणीच बोललं नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

नांदेडला सहा दिवस गेले. पहिले दोन दिवस तिथल्या डॉक्टरांनी काहीच खात्रीचं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडून पाणी मागितलं.

इकडं गावी परतून मी अंगणवाडी आठवडाभर बंद ठेवायला लावली. सतरंजी, खेळणी, दाराच्या कड्या ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून काढल्या, घरोघर जाऊन लेकरांची तोंडं पाहिली. बाकीची सगळी लेकरं बरी झाली. लोक म्हणाले, बाईनं धावपळ करून पोरगं वाचवलं. तांड्यावरही तसंच बोललं जात होतं.

महिनाभरानं ती पुन्हा आली, पोराचा हात धरून. पोराची नखं मुळापासून सुटून आली होती. दोन तर गळूनच पडली होती. "आता हे काय निघालं?" तिनं विचारलं. या खेपेला मी अंदाज केला नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, या आजारानंतर कधी कधी नखं जातात, दुखत नाही, नवी येतात. मी ते तिला सांगितलं. ती उठायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं.

"गरम पेज द्यायला मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "गार देऊ नको म्हणूनही मीच सांगितलं. आणि त्या दिवशी दवाखान्यात मी गप्प राहिले."

ती पोराच्या बोटांकडं बघत राहिली.

"मला ठाव हाय, बाई. डॉक्टरीण बोलली तवाच कळालं."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"काहून घेऊ? तुमच्याशी भांडून मी कोणाकडं जाऊ? तांड्यात कोण हाय विचारायला?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तीन रात्री मी त्याला जबरदस्तीनं गरम पाजत व्हते. हात धरून. ते माझ्याकडं बघून रडायचं."

खोलीत भांडी घासता घासता मावशींनीही ते ऐकलं.

ती अजूनही पोराला पाठवते. पोरगं पुन्हा खिचडी खायला लागलं, पण भरवून घेत नाही. कोणी चमचा पुढं केला की मान फिरवतं, स्वतःच्या हातानं खातं. आईला मी काही सांगितलं की ती ऐकून घेते, मान हलवते, आणि मग बाजाराच्या दिवशी बाळापूरला गेली की दवाखान्यात तेच पुन्हा विचारून येते. हे मला मावशींकडून कळलं. ती बरोबर करते.