निम्म्या भावाचं जळण

जळणवाले मामा कुठल्याही झाडाला बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे, कान लावायचे आणि ते किती दिवसांचा सोबती आहे हे सांगायचे. "ह्ये म्होरला पावसाळा बघत न्हाई." आणि खरोखरच ते झाड पुढचा पावसाळा बघायचं नाही. बिबवेवाडीत आमच्या गल्लीतला गुलमोहर गेला, बंगलेवाल्या डॉक्टरांचा शिरीष गेला, शाळेसमोरचा कडुनिंब गेला. तिन्ही वेळा मामांचा शब्द खरा ठरला. लोक कौतुकानं त्यांना अंगणात बोलवून झाडं दाखवायचे. मी मात्र ते आमच्या जांभळाकडे बघायला लागले की घाईघाईनं त्यांच्या हातात चहाचा कप द्यायची. हात अडकलेले बरे!

मामा आमच्याकडे आले ते बाबांच्या कंपनीमुळे. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती बाबांची. सिलिंडर फक्त स्वयंपाकाला, असा आईनं हुकूम काढला. माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आला आणि मागच्या अंगणात भाकरीपुरती चूलही मांडली गेली. लाकडाची चौकशी करायला आम्ही दोघी वखारीत गेलो, तर वखारवाला मान वर न करता म्हणाला, "हल्ली लाकूड जाळतं कोण? हॉटेलवाले आणि मेलेले. आपण कशात?" भाव ऐकून मुकाट्यानं परत आलो. दुसऱ्याच आठवड्यात मामा हातगाडी घेऊन दारात उभे. खडखडीत वाळलेलं, नीट फोडलेलं लाकूड, आणि भाव वखारीच्या निम्मा. आईला तर देवच भेटला.

ओलं लाकूड त्यांनी कधी गळ्यात मारलं नाही. "ओलं लाकूड म्हंजी रडकं पोर. उजेड न्हाई, नुसता धूर." आईला दमा होता हे कळल्यावर तिच्यासाठी कमी धुराचं लाकूड वेगळं काढून आणायचे, वर आपणच पडवीत रचून द्यायचे. मला त्यांचा फार लळा होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला जड जाईल.

ते मूळचे खराडीकडचे. भावांनी शेती विकली होती. "आमच्या वावरात आता काचंचं कपाट हुबं हाय. आत मान्सं ठिवल्यात." मी तेव्हा कॉम्प्युटरचा क्लास करत होते आणि असल्याच एखाद्या कपाटात बसायची स्वप्नं बघत होते, म्हणून मी हसले. मामा हसले नाहीत. "बापानं लावल्याली चिंच हुती तिथं. सौदा अडला हुता तिच्यापायी. पयलं झाड घरचंच," एवढंच म्हणाले. मला वाटलं, तोडलेलं पहिलं झाड.

मग एका सकाळी बंबासाठी मी जाड ओंडका फोडला आणि आत एक भोक दिसलं. बोटभर रुंद, सरळ, आतून काळंठिक्कर, औषधाच्या उग्र वासाचं, तोंडाशी वाळलेल्या मातीचा बोळा. किड्यानं पोखरलं असेल म्हटलं. पण किडा काय पट्टी लावून पोखरतो? पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच झाडाच्या ओंडक्यात तसंच भोक. लाकूड घेऊन आईकडे गेले. तिनं भोकात बोट घालून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओंडका बंबात सारला. "पाणी तापतंय ना? मग झालं तर." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पाणी छान कढत होतं. पण त्यानंतर मामांनी रस्त्यावरच्या झाडाला हात लावला की मी मनात दिवस मोजायला लागायची. ते झाडांचं भविष्य सांगत नव्हते. आपल्या कामाची तारीख सांगत होते.

त्याच सुमारास शेजारचा बंगला एका बिल्डरनं घेतला. त्याच्या नव्या फाटकाच्या नेमकं तोंडाशी आमचं जांभळाचं झाड, सामाईक भिंतीत अर्धा बुंधा पलीकडे गेलेलं. आईनं ते घर बांधायच्याही आधी लावलेलं. भिंती नंतर आल्या. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन दोनदा सही मागायला आला. आई म्हणाली, "पेढे ठेवा. झाड राहू द्या."

तिसऱ्यांदा मामा आले. गाडी रिकामी होती.

"ताई, आज जळण न्हाई. तुमचं झाड सांगितलंय मला."

आईनं कोणी ते विचारलंच नाही. "मग नाही म्हणा."

"म्या न्हाई म्हनलो तर दुसरा यील. त्येचा हात कच्चा हाय. झाड वरीसभर तडफडतं, येकेक फांदी करून. माझ्या हातानं दीड म्हैना. त्येला कळत बी न्हाई." वर म्हणाले, "लाकूड समदं तुमालाच. फुकाट."

आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं, इतक्या मायेनं बोलत होते.

"मामा," आई म्हणाली, "दोन हिवाळे तुमचं जळण जाळलं. भोकं मीही पाहिली होती. तेव्हा तोंड उघडलं नाही, हे माझं पाप. पण याला हात लावायचा नाही."

"मंग गार पान्यानं अंगूळ करनार?"

"करीन."

मामांनी मान हलवली. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. पुन्हा कधी आमच्या दारात आले नाहीत.

आई रोज सकाळी बुंधा तपासायची, खाली बसून, बोटांनी चाचपत. भिंतीपलीकडची बाजू तेवढी तिला दिसत नव्हती. पाडव्याला झाड नव्या पालवीनं गच्च भरलेलं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात सगळी पानं एकदम मलूल झाली, वरून खालपर्यंत, सगळ्या फांद्यांची एकाच वेळी. मोहोराचा सडा अंगणात पडला. दीड महिन्यात झाड उभ्या जागी वाळलं.

मामांच्या नावानं मी तोंडाला येईल ते बोलले. मेल्याचे हात झडोत, असंही म्हणाले. आई बुंध्याला टेकून बसली होती.

"गप गं," ती म्हणाली. "स्वतः आले मामा. दुसऱ्याच्या हाती दिलं नाही त्यांनी."

आणि ढसाढसा रडायला लागली.