एकाला शेत, बाकीच्यांना जहाज

“एकाला शेत, बाकीच्यांना जहाज.”

हे वाक्य म्हणताना माझे जर्मन घरमालक डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरायचे आणि सुटी राहिलेली चार बोटं खिडकीकडे, पश्चिमेकडे, हलवायचे. अंगठा म्हणजे ज्याला शेत मिळालं तो एक मुलगा. चार बोटं म्हणजे त्याची भावंडं, अमेरिकेला गेलेली. उत्तर जर्मनीतल्या त्या भागात पूर्वी जमिनीची वाटणी करत नसत. शेत अख्खं एकाकडे जायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडे गडी म्हणून राबायचं, नाहीतर ब्रेमरहाफेन बंदरात जाऊन जहाज पकडायचं. दीडशे वर्षांपूर्वी त्या गावातली पुष्कळ माणसं अशी गेली आणि तिकडे रानं तोडून शेतकरी झाली.

“आणि तुम्ही?” मी एकदा विचारलं. तेही घरात धाकटेच होते.

“मला जहाजही मिळालं नाही, फ्रॉयलाइन. मला दुधाची गाडी मिळाली.”

मला ते जुन्या पद्धतीने फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, म्हणत. त्यांनी आयुष्यभर शेताशेतावरून दूध गोळा करायची गाडी चालवली होती. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. ओस्नाब्रुकपासून बसने जाण्याजोग्या त्या गावात त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. शहरातल्या खोल्या मला परवडत नव्हत्या. माझ्या वडिलांची मिरजेजवळच्या एका गावात पिठाची गिरणी आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि एकदम जर्मनीत शेतीची यंत्रं शिकायला आलेली, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. बसची, वर्गातल्या प्रश्नांची, फोनचं कार्ड बोलता बोलता संपण्याची. या माणसाची तेवढी वाटली नाही. ते फारसं बोलत नसत, आणि बोलले तर हळू बोलत, हे त्याचं कारण असावं.

अमेरिकेहून लोक यायचे ते उन्हाळ्यात. गेलेल्यांची पणतवंडं, खापरपणतवंडं. त्यांच्याकडे घराण्याचा छापलेला इतिहास असायचा, जहाजाचं नाव असायचं, कधी कधी सगळ्यांनी घालायला एकसारखे टी-शर्टही असायचे. ते आधी चर्चमध्ये जात. तिथल्या पास्टरबाई तीन गावं सांभाळायच्या, त्यांना वेळ नसे. त्या लोकांना आमच्या दाराशी पाठवून देत. कुठलं शेत कुठे होतं, कोणाची झोपडी कोणत्या ओढ्यापाशी होती, हे दुधाच्या गाडीवाल्याला माहीत असणार, असं त्यांचं म्हणणं. घरमालकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी.

एक गृहस्थ इलिनॉयहून आले होते. उंच, आडनावाचा फार अभिमान असलेले. तेच आडनाव गावातल्या सगळ्यात मोठ्या घराच्या दारावरच्या तुळईत कोरलेलं होतं. त्यांनी त्या दाराशी उभं राहून पुष्कळ फोटो काढून घेतले. मग आमचे आजोबा (मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचे) शांतपणे म्हणाले, “आल्झो, म्हणजे असं बघा, हे नाव शेताचं आहे. तुमचे पूर्वज लग्न करून इथे आले. बायकोच्या शेतावर आलेला नवरा शेताचं नाव लावायचा. तशी रीत होती.”

मी भाषांतर केलं. जरा घाबरतच केलं. गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांची बायको मात्र पोट धरून हसायला लागली. “म्हणजे मी लग्नात माझं नाव टाकून याचं घेतलं, ते मुळात एका बाईचंच होतं!”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” आजोबा म्हणाले.

आमच्याकडे अशा जावयाला घरजावई म्हणतात, नाव तो बदलत नाही, पण लोक त्याला नावं ठेवतात, हे मी आजोबांना परत येताना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. “मग आमची पद्धत बरी. नाव एकच आणि तेही चांगलं.”

दुसऱ्या वेळी मिसूरीहून एक म्हातारा शेतकरी आला. मी इंग्रजीत स्वागत केलं तर तो माझ्याकडे न पाहता आजोबांशी थेट प्लाट बोलायला लागला. प्लाट म्हणजे त्या भागातली जुनी खेड्याची बोली. गावातल्या तरुणांना ती धड येत नाही. त्याच्या आजीने त्याला गोठ्यात शिकवली होती म्हणे. दोघं दुपारभर आमच्या बाकावर बसून गाईंच्या खुरांच्या रोगाबद्दल बोलत होते. एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस, आणि विषय खुरांचा. मला त्या दिवशी काही काम नव्हतं. मी केक कापून दिला. जाताना त्या शेतकऱ्याने वाफ्यातली माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि काहीतरी म्हणाला. आजोबा मोठ्याने हसले. मी अर्थ विचारला.

“म्हणाला, इतकी वाळू! गेले ते उगाच नाही गेले.”

तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल, ज्याला गावातल्या सगळ्यांची वंशावळ पाठ असते आणि ज्याच्याकडे स्वतःच्या घरचं मात्र फार कोणी येत नाही. आजोबांची मुलगी म्युनिकला होती. मोठ्या कंपनीत, मोठ्या कामावर. ती नाताळात यायची आणि एक रात्र राहून जायची. “तिलाही जहाज मिळालं,” ते म्हणायचे. “आगगाडीचं आहे, एवढंच.”

मी त्यांना आमच्याकडच्या हेळव्याची गोष्ट सांगितली. सुगी झाली की हेळवी बैल घेऊन गावात येतो, अंगणात बसतो, घरातल्या पूर्वजांची नावं एकामागून एक म्हणतो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. त्यांना हे अतिशय आवडलं. त्यांनी बैलाचा रंग विचारला. मग विचारलं, “आणि त्या पूर्वजांची थडगी कुठे असतात?”

“नसतात. आम्ही जाळतो. राख नदीत सोडतो.”

“दगड नाही?”

“नाही.”

“मग तुम्ही जाता कुठे?”

“आम्ही कुठेच जात नाही,” मी म्हणाले. “हेळवी घरी येतो.”

त्यांनी बराच वेळ मान हलवली. त्यानंतर ते स्वतःला गमतीने हेळवी म्हणवून घेऊ लागले. दारात अमेरिकन दिसले की आत हाक मारायचे, “फ्रॉयलाइन, बैल बांधा. पाहुणे आलेत.”

दगडाचा विषय त्यांच्या मनात का होता, ते मला नंतर कळलं. येणारे लोक बहुतेक एक चूक करायचेच. घर पाहून झालं की त्यांना पूर्वजांची थडगी बघायची असत. अमेरिकेत थडगं एकदा बांधलं की ते तिथेच राहतं. जर्मनीत जागा मुदतीवर असते. पंचवीस-तीस वर्षं. मुदत संपली आणि घरच्यांनी वाढवून घेतली नाही की दगड काढतात, जमीन सपाट करतात आणि गवत पेरतात. लोक फुलं घेऊन, दगडावरची अक्षरं उमटवून घ्यायला कागद आणि खडू घेऊन यायचे, आणि समोर नुसती हिरवळ असायची.

“कुठे आहेत ते?” लोक विचारायचे.

“इथेच, सगळीकडे,” आजोबा सांगायचे. “खाली आहेत. फक्त पाटी गेली. कुठेही उभे राहा.”

मी तसंच सांगायचे. लोक हातात फुलं घेऊन इकडेतिकडे फिरायचे. कुठेही उभं राहता येतं म्हटल्यावर कोणी उभं राहत नसे. शेवटी फुलं बहुतेक वेळा चर्चच्या पायरीवर ठेवली जायची.

आजोबांच्या बायकोचं थडगं त्याच दफनभूमीत होतं, एका लिंडेनच्या झाडाखाली. ती फार लवकर गेली होती, मुलगी लहान असताना. ते दर शनिवारी तिथे जायचे, नळापाशी टांगलेल्या हिरव्या झाऱ्यांतली एक भरायचे आणि बेगोनियांना पाणी घालायचे. मी कधी कधी सोबत जायचे. ते वाळकी पानं खुडायचे, खिशात घालायचे आणि आम्ही घरी यायचो.

त्या जागेची मुदत मी असतानाच संपली. वाढवता आली असती. त्यांनी वाढवली नाही. मुलीशी फोनवर बोलणं झालं, ते मी जिन्यातून ऐकलं. “नाही, मला काही वाटत नाही,” ते सांगत होते. “मी गेल्यावर पाणी कोण घालणार? तण माजेल, गाव बोलेल. त्यापेक्षा मीच बंद करतो.” मग म्हणाले, “तिकडे हवा कशी आहे?”

दगड त्यांनी घरी आणवला आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. अक्षरं भिंतीकडे. झाडाखाली गवत उगवलं. शनिवारी ते घरातच बसू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं कुटुंब आलं. आईवडील आणि दोन मोठ्या मुली. घर पाहिलं, ओढा पाहिला, मग दफनभूमीत आलो. वडिलांनी विचारलं, “कुठे आहेत ते?”

मी “सगळीकडे” म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आजोबा चालायला लागले. ते लिंडेनच्या झाडाखाली जाऊन थांबले आणि बोटाने खाली दाखवलं.

“इथे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, “इथे. सांगा त्यांना.” मी सांगितलं. ते चौघं तिथे गोल उभे राहिले. त्यांनी प्रार्थना म्हटली. धाकट्या मुलीने गवतावर फुलं ठेवली. आजोबा टोपी काढून मागे उभे होते.

त्यानंतरचं कुटुंब आलं, त्याचं आडनाव वेगळं, जहाज वेगळं. त्यांनाही तीच जागा. तिसऱ्यालाही तीच.

मी बटाटे सोलता सोलता विषय काढला. मला असं बोलणं जमत नाही, पण राहवलं नाही. “त्यांचे पूर्वज तिथे नाहीत. ती तुमच्या पत्नीची जागा आहे.”

“होती. आता गवत आहे.”

“पण त्यांना वाटतं की...”

“त्यांना उभं राहायला जागा हवी असते. ‘कुठेही’ म्हटलं की माणूस कुठेच उभा राहत नाही. तुम्ही पाहिलंय, फ्रॉयलाइन.”

पाहिलं होतं.

ते सोललेल्याच बटाट्यावरून सुरी फिरवत राहिले. “आणि फुलं आणतात,” ते म्हणाले. “चांगली असतात. मी आपली नेहमी बेगोनियाच लावायचो. तिला फ्रीझिया आवडायची.”

सोललेले बटाटे मी पाण्यात टाकले. पण पुढचे लोक आले तेव्हा मी पास्टरबाईंना परीक्षा आहे असं सांगितलं आणि ग्रंथालयात जाऊन बसले. परीक्षा खरंच होती, पण दोन आठवड्यांनी. मला खोटं भाषांतर करायचं नव्हतं. त्या दिवशी आजोबांनी एकट्याने लोकांना नेलं असणार. तेवढ्यासाठी इंग्रजी लागत नव्हतंच. बोट पुरेसं होतं.

त्या हिवाळ्यात ते अंगणातल्या बर्फावर पडले. दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. मुलगी म्युनिकहून आली, दोन दिवसांत सगळं आवरलं. त्यांनी स्वतःच सही करून ठेवली होती, की निनावी पुरावं. शहराच्या दफनभूमीत त्यासाठी एक कुरण आहे. नेमकी जागा घरच्यांनाही सांगत नाहीत. “पपांना कोणाला त्रास द्यायचा नव्हता,” ती मला म्हणाली. मी “हो, हो” म्हटलं. मग वर्गात गेले. गिअरबॉक्सवर व्याख्यान होतं, ते मी पूर्ण उतरवून घेतलं. संध्याकाळी येऊन नेहमीइतके बटाटे उकडले, दोघांचे, आणि ते उरले. मला रडू आलं नाही. वाईटही वाटलं असं म्हणता येणार नाही. कानांना दडे बसल्यासारखं झालं होतं, एवढंच आठवतं.

घर विकायला काढलं होतं, पण मला सत्र संपेपर्यंत राहू दिलं. वसंतात पास्टरबाईंचा फोन आला. मिसूरीहून एक नवरा-बायको आलेत, वयस्कर आहेत, त्यांनी कळवूनच ठेवलं होतं. “तुम्ही त्यांना सगळं दाखवू शकाल का? तुम्हाला आता माहीत आहे ना?”

मी त्यांना ओढा दाखवला, घर दाखवलं. अंगठा मुठीत धरून शेताची आणि जहाजाची गोष्ट सांगितली. माझी चार बोटं नीट हलली नाहीत, तरी त्यांना ती समजली. मग आम्ही दफनभूमीत आलो. बाईंच्या हातात फुलं होती. बसस्टॉपजवळच्या दुकानातली, साधी, पिवळी. त्या दोघांनी आधी हिरवळीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे.

“कुठे आहेत ते?” बाईंनी विचारलं.

मी रस्ताभर खरं उत्तर जुळवून ठेवलं होतं. मुदत, दगड, गवत, सगळं. इंग्रजीत ते तीन-चार वाक्यांचं होतं.

मी लिंडेनच्या झाडापर्यंत चालत गेले.

“इथे,” मी म्हणाले.

दोघं आले आणि उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. बाईंनी वाकून फुलं ठेवली, त्यांना वाकायला वेळ लागला. सरळ होताना त्या म्हणाल्या, “किती छान राखलंय. कोणी येतं का इथे?”

“एक गृहस्थ यायचे,” मी सांगितलं. “शनिवारी.”

“आणि आता?”

मी नळाकडे गेले. हिरव्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या होत्या. त्यातली एक काढली, भरून आणली, आणि फुलांच्या देठांपाशी, गवतावर, हळूहळू पाणी घातलं.