यंदा कोणत्या ओळी सोडायच्या?

गावाकडचा फोन अवेळी वाजला की मला वाईटच सुचतं. त्या दिवशी तिरुपूरच्या कारखान्यात बनियनच्या बाह्या शिवत होते. आतेभावाचं, दादाचं नाव दिसलं आणि मशीन थांबवून मी फोन कानाला लावला. "आई गेली गं..." एवढंच तो बोलला. त्याची आई, माझी आत्या.

आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा आत्यानंच मला तिच्या गावी, केदारखेड्याला आणलं. तिच्या शेतात नवऱ्यानं लावलेला साग होता. झाडं वाढली, पण खालची जमीन दगडासारखी झालेली. आत्यानं तिथं शतावरी लावली. सागाचा गळलेला पाला लोक पेटवून द्यायचे, ती तसाच पसरून ठेवायची. शतावरीच्या मुळ्या उकळून सोलल्या की साली शेणात कुजवून पुन्हा झाडांखाली टाकायची. हळूहळू माती काळी, भुसभुशीत झाली, उकरली की गांडुळं वळवळायची. त्याच शतावरीच्या पैशातून तिनं मला शिलाई मशीन घेऊन दिली. आज माझं घर त्या शिवणावर चालतं...

पण मुळ्या काढायच्या म्हणजे जमीन खोल खोदावी लागते. मला धास्ती वाटायची. "आत्या, आपण एका हातानं घालतो आन् दोन्ही हातांनी काढतो. पुन्हा दगड झाला मंग?"

"लई काळजी करती बाई तू! सासरी जाताना ही जमीन बी संगं घेऊन जाय," ती हसायची. "म्हनून तं दरसाल काही ओळी सोडतो आपण. थकली आसन तिला निजू द्यायचं."

कोणत्या सोडायच्या, ते ती अनवाणी चालून ठरवायची. टाच दाबत पुटपुटायची, "ही न्हाई... ही बी न्हाई... हां, हिला खोदा." टाचेला काय कळतं, ते आम्ही कधी विचारलंच नाही. ती होतीच ना सांगायला.

परवा दादाचा फोन आला. मुळ्या काढायचे दिवस आलेत, व्यापारी गाडी घेऊन येणार. "तुला म्हाईत आसन. यंदा कोणत्या ओळी सोडायच्या?"

मला माहीत नव्हतं. चुकीची ओळ खोदली तर तिनं इतक्या वर्षांत जमवलेलं आम्हीच उपसून टाकू, अशी भीती वाटली. "तू चालून बघ ना, दादा."

फोन चालू ठेवूनच तो चपला काढून सागाखाली गेला. पाला चुरचुरत होता. एकेका ओळीवर थांबून तो टाच दाबत असल्याचं मला ऐकू येत होतं.

"समदीकडंच मऊ लागून राह्यलं गं, थकलेली कोणती ते कळंनाच," तो म्हणाला आणि त्याला हुंदका आला. "आईनं कुठंच कडक ठेवलं न्हाई. मी कुदळ मारू कुठं?"

"मंग नको मारू. यंदा राहू दे समदंच."

"आन् व्यापारी?"

"त्याला नाही म्हण."

"थोडं बसतो इथंच," तो म्हणाला. पाला पुन्हा चुरचुरला, आणि फोन ठेवायचं दोघांच्याही जिवावर आलं...