यादीत नाव आल्यानंतर

बारावीनंतर यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजच्या यादीत माझं नाव आलं होतं. नेट कॅफेवाल्याने प्रिंट काढून दिली. तिच्यावर माझा दोन वेण्यांचा फोटो होता. बाबांनी ती आमच्या गावात, फुलसावंगीत, ओळखीच्या सगळ्यांना दाखवली, पेढे वाटले. आमच्या घरातून कॉलेजात कोणीच गेलेलं नव्हतं. नाव आलं म्हणजे प्रवेश झाला, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

बाबा मिस्त्री आहेत. त्या आठवड्यात त्यांना एका घराचा स्लॅब टाकायचा होता, मग त्यावर पाणी मारायचं होतं.

"स्लॅब होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "नाव काय पळून चाललं काय?"

आम्ही सहाव्या दिवशी गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की तीन दिवसांत येऊन जागा पक्की करायची होती. ती आता दुसऱ्याला गेली. बाबांनी प्रिंट पुन्हा एकदा पुढे सरकवली. बाईंनी ती न बघताच परत केली. बसस्टँडवर बाबांनी मला कचोरी घेऊन दिली, स्वतः काही खाल्लं नाही.

मी उमरखेडला बी.ए.ला गेले. तीन वर्षं झाली. त्या जागेबद्दल बाबा माझ्याशी एकदाही बोललेले नाहीत. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा बोलावं, एवढंच.

यंदा त्याच कॉलेजच्या यादीत माझ्या धाकट्या बहिणीचं नाव आलं.

तिच्या बाबतीत आमचं घर वेगळं आहे. माझा पाढा चुकला की पूर्ण म्हणेपर्यंत ताट मिळायचं नाही. तिला पाढे येतात का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझी पाचची बस चुकली तर बाबा फाट्यावर येऊन उभे राहायचे. ती फोन करून सांगते, येते सहापर्यंत. एकदा मी आईला विचारलं, "मलेच काहून एवढं बंधन होतं?" आई भाकर थापत होती. "तुया वेळी आम्हाले तरी काय समजत होतं वं," ती म्हणाली. "भेव वाटे." तिने भाकर उलटली.

यादी दुपारी लागली. बाबा हातातलं काम टाकून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही तिघं निघालो. ऑफिस दहाला उघडणार होतं. आम्ही साडेआठलाच गेटवर.

"बाबा, वाचमन बी नाई आला अजून," बहीण म्हणाली.

"त्याची अ‍ॅडमिशन झाली अशीन. आपली बाकी हाय."

फाईल माझ्या मांडीवर होती. ती माझीच, माझे कागद काढून तिचे लावले होते. अकरापर्यंत सगळं झालं, पावती मिळाली. बहीण हसत होती. मलाही आनंद व्हायला हवा, असं मला वाटलं.

तिथल्याच बाकावर पांढरकवड्याकडचे एक काका मुलीला घेऊन बसले होते. तिचंही नाव यादीत होतं. ते फक्त कॉलेज बघायला आले होते.

"नाव तं आलं," ते म्हणाले. "आता वावरातली डवरणी झाली का पुढच्या हप्त्यात येतो."

बाबा उठून त्यांच्यापाशी गेले. "नाई भाऊ, तसं नका करू. नाव आलं म्हणजे झालं नसते. तीन दिवसात कागद आणून द्या लागते, नाई तं जागा जाते."

"तुमाले बराच अनुभव दिसते."

"मोठ्या पोरीवर शिकलो," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या दिशेने हात केला.

ज्या बोलण्याची मी तीन वर्षं वाट पाहिली, ते असं आलं, दुसऱ्याला सांगताना. मला काहीच झालं नाही. भिंतीवरच्या सूचना वाचत बसले.

"त्याईले लिहून दे वं, काय काय लागते ते," बाबा मला म्हणाले.

मी फाईल चाळली. कोरा कागद नव्हता. शेवटच्या कप्प्यात माझी जुनी प्रिंट राहून गेली होती, मागून कोरी. मी ती काढली तेव्हा बाबांना फोटो दिसला.

"दुसरा कागद नाई काय?"

"नाही. हाच आहे."

त्यांनी खिशातला पेन काढून मला दिला. मग म्हणाले, "लिह मग. अक्षर मोठं काढजो."

"मोबाईलमधला निकाल चालते का ताई?" त्या मुलीने विचारलं. चालत नाही, मी सांगितलं. दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो, सगळं ओळीने लिहिलं. सगळ्यांत वर लिहिलं, परवा पाचच्या आत. तिने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

बाबा पाणी प्यायला गेले होते. बससाठी निघायची वेळ झाली तरी नळाशीच उभे होते, आमच्याकडे पाठ करून.