नीलम टीचरची हजेरी

आमच्या इमारतीच्या जिन्यावर सोमवारी आणि बुधवारी चार वाजता चपला जमायच्या. सहा जोड. त्यातला एक नेहमी उलटा पडलेला. वरच्या मजल्यावर नीलम टीचरच्या दारापुढे जागा नव्हती, म्हणून त्या पायरी पायरीनं खाली माझ्या दारापर्यंत यायच्या. मी दर वेळी ओरडायचे आणि दर वेळी त्या सरळ लावून ठेवायचे. आता जिना मोकळा आहे. मोकळ्या जिन्याचा मला राग येतो, आणि तो कोणावर काढायचा हेही मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

मी शमा. माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातलं. इथं आखातात, बुसैतीनमध्ये, याच तळमजल्यावर एकवीस वर्षं काढली. आमचे हे, जैनुद्दीन, मनामाच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकून आहेत. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं हे म्हणतात. मी म्हणते, खरं बोलणाऱ्याला कुलूप कशाला हवं? समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. एकवीस वर्षांत त्यानं माझं काही बिघडलं नव्हतं.

नीलम अकोल्याची. इथल्या एका खाजगी शाळेत छोट्या वर्गांना इंग्रजी शिकवायची. सकाळी सव्वासहाला शाळेची बस यायची, तेव्हा एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चित्रांच्या पुठ्ठ्यांची पिशवी घेऊन ती धावत उतरायची. दुपारी तीनला परत यायची तेव्हा तिचा आवाज बसलेला असायचा. पहिल्या वर्षी पालकांनी फार छळलं. इंग्रजीची टीचर म्हणून गोरी बाई येईल असं त्यांना वाटलं होतं, आणि आली ती अकोल्याची सावळी नीलम. एका आईनं तर तोंडावर विचारलं, तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात? नीलम म्हणाली, "माझ्या बाबांच्या वर्गात." त्या बाईंना काय कळणार! वर्षअखेर तिच्याच मुलीनं स्टेजवर गोष्ट वाचून दाखवली आणि बाई नीलमच्या गळ्यात पडून रडली.

तिचा नवरा प्रबुद्ध सित्राला एका कंपनीत टेक्निशियन होता. दोन वर्षांपूर्वी काम संपलं, व्हिसा संपला, तो अकोल्याला परतला. मुलगी यशोधरा तेव्हा दहावी झालेली. बारावी इथंच पुरी करू, मग जाऊ, असं ठरलं. म्हणजे मायलेकींचं इथलं राहणं नीलमच्या नोकरीवर टांगलेलं. नोकरी गेली की तिचा व्हिसा जाणार, तिचा गेला की पोरीचा जाणार, आणि ऐन परीक्षेत गेला तर पोरीचं वर्ष बुडणार. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

घरचा वर्ग सुरू झाला तो आमच्या मालकीणबाईंमुळे. उम्म खालिद म्हातारी, शेजारच्याच घरात राहते. तिचा नातू हमद दुसरीत गेला तरी त्याला अक्षर लागेना. म्हातारी स्वतः जिना चढून वर गेली, नीलमचा हात धरला आणि म्हणाली, याला वाचायला शिकव. नीलमला नाही म्हणता आलं नाही. हमदच्या मागून त्याच्या चुलत बहिणी आल्या, मग गल्लीतली आणखी तीन आली. फी नाही. म्हातारी शुक्रवारी मचबूसचं, म्हणजे मटण-भाताचं, ताट पाठवायची, ते आम्ही दोन घरं मिळून खायचो. म्हातारीच्या भांड्यात कसलं मांस शिजलं असेल या शंकेनं नीलम मटण बाजूला सारून नुसता भात खायची, आणि मी तिला हसायची.

मी एकदा म्हटलं, "फुकट काय शिकवतेस गो? घसा बसतो तुझा."

"भाभी, शिकवायचे पैसे नोकरीत घ्यायचे, वस्तीत नाही. बाबांचा नियम आहे हा."

तिचे वडील यादवराव अकोल्यात रेल्वेत होते. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वर्ग घ्यायचे, चाळीस वर्षं. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. पोरानं आत आल्यावर आधी हजेरीत स्वतःच्या हातानं पूर्ण नाव लिहायचं. सर नाव पुकारणार आणि पोरगा हजर म्हणणार, तसलं नाही. यादवरावांचे आजोबा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवत आले, वडीलही. म्हणून यादवराव म्हणायचे, आपल्या वर्गात रोज सही. नीलम तीच रीत घेऊन इथे आली होती. लाल पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर वडील दर वर्षी अकोल्याहून पाठवायचे. हमद आणि कंपनी पायातलं काढून आत आली की रांगेत बसून इंग्रजीत आपापलं पूर्ण नाव लिहायची. वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं, सगळं. वर तारीख. हमदचं नाव पहिल्या महिन्यात अर्ध्या पानावर सांडलेलं असायचं. हळूहळू ते ओळीत आलं. नीलम ती पानं मला उलटून दाखवायची, जशी मी माझ्या मुलाची, आकिबची, लहानपणची छायाचित्रं दाखवते.

जानेवारीत शाळेत एक कागद आला, सगळ्या शिक्षकांच्या सहीसाठी. नीलम संध्याकाळी तो घेऊनच माझ्याकडे आली. बसली नाही, उभ्यानंच वाचायला लागली.

"भाभी, शाळेबाहेर कुठंही शिकवायचं नाही म्हणते. घरी शिकवलं तर नोकरी रद्द, आणि वर सरकारात कळवणार. यात लिहिलंय की..."

"ट्यूशनवाल्यांसाठी आहे ते," मी म्हटलं. "तू काय पैसे घेतेस? बस, चहा पी."

"नाही ना जी, ऐका तरी. यात लिहिलंय, मोबदला घेवो अथवा न घेवो..."

मी कपात चहा ओतत होते. साखर किती, विचारलं. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी गाडी दिसायला लागली. पांढरी, साधी गाडी, समोरच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला. बुधवारी साडेतीनला यायची आणि पोरं घरी गेली की जायची. आतला माणूस उतरत नव्हता. काच खाली करून तो नुसता आमच्या दरवाज्याकडे बघायचा. पहिल्या वेळी मला वाटलं, कोणाची वाट पाहत असेल. दुसऱ्या बुधवारी मी कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर गेले, तर त्यानं काच वर केली.

मग एक बाई आली. काळा गॉगल, चांगलं हिंदी बोलणारी. मुलाला इंग्रजीच्या क्लासला घालायचं आहे म्हणाली. मी तिला वरची वाट दाखवली. नीलमनं सांगितलं की क्लास नाही, शेजारची मुलं येतात, फी वगैरे काही नाही. बाई गोड हसली. जिना उतरताना ती चपलांपाशी थांबली, आणि तिचे ओठ हलताना मी पाहिले. ती जोड मोजत होती. तरी मी तिला पाणी विचारलं. आपली पद्धत.

त्या दिवसापासून नीलमनं चपला आत घ्यायला लावल्या. जिना रिकामा दिसायला लागला तो तेव्हापासून. पुढच्या सोमवारी दोन पोरं आली नाहीत. त्यांची आई मला बेकरीत भेटली आणि मी दिसताच दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. तक्रार कोणी केली ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र मी रोज नवा गुन्हेगार शोधायची. कधी वॉचमन, कधी तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. हे म्हणायचे, "शमा, लोकांची नावं घेऊ नको. तिला वर्ग बंद करायला सांग. खलास."

नीलमलाही ते पटलं होतं. फक्त हमदचं एक पान अडलं होतं. "एक अख्खं पान न अडखळता वाचू दे त्याला, मग बंद," ती म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्री तिच्या पावलांचा आवाज माझ्या छतावर ऐकू यायचा, खिडकीपर्यंत आणि परत. यशोधराच्या परीक्षेला महिना उरला होता.

फेब्रुवारीच्या एका सोमवारी हमदनं पान वाचलं. नीलमनं त्याच दिवशी मुलांना घरी पाठवलं आणि वर्ग संपला असं सांगितलं. मग रजिस्टर ओढणीत गुंडाळून खाली माझ्याकडे आली.

"भाभी, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्या घरी नको."

"फाडून टाक की गो. कशाला ठेवायचं?"

तिनं ते छातीशी धरलं. "बाबांनी आयुष्यात हजेरीचं एक पान फाडलं नाही. माझ्यानं नाही होणार. थोडे दिवस फक्त. परीक्षा झाली की घेऊन जाते."

"आण इकडे. माझ्या कपाटातून मौतीचा फरिश्ता, मलकुल मौत, जरी मागायला आला तरी देणार नाही," मी म्हटलं, आणि ते साड्यांखाली सरकवलं. ती हसली. त्या महिन्यात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

बुधवारी चार वाजता ते आले. गॉगलवाली बाई आणि गाडीतला माणूस. गळ्यात सरकारी ओळखपत्रं होती. सरळ वर गेले. मी दार उघडं ठेवून कान लावून उभी. वर काही नव्हतंच. चपला नाहीत, पोरं नाहीत. यशोधरा टेबलावर गणिताचे पेपर सोडवत बसलेली. नीलम शांतपणे उत्तरं देत होती. क्लास नाही, कोणी येत नाही. दहा मिनिटांत दोघं जिना उतरायला लागले. माणसाच्या हातातला कागद कोरा होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी मनात अल्लाचे आभार मानले.

ते माझ्या दाराशी थांबले. बाईनं गॉगल काढला आणि सहज विचारलं, "खाला, ऊपरवाली टीचर बच्चों से कितना पैसा लेती है?"

नाही, माहीत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण पैसा हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. नीलमला, त्या यादवरावांच्या मुलीला, पैसेखाऊ म्हणते ही! मी म्हटलं, "पैसा? एक फिल्स नहीं लिया कभी! फुकट पढ़ाया इधर के बच्चों को, डेढ़ साल! ठहरो, दिखाती हूँ." आणि मी आत गेले. कपाट उघडलं, साड्या उचलल्या, रजिस्टर आणलं आणि तिच्या पुढ्यात उघडून धरलं. "देखो. इसमें पैसे का खाना ही नहीं है. सिर्फ बच्चों का नाम. खुद लिखा है बच्चों ने."

बाईनं पान उलटलं. मग दुसरं. माणसानं फोन काढला आणि एकेका पानाचा फोटो घ्यायला लागला. तारखा, पूर्ण नावं, सह्या. तेव्हा कुठे माझ्या कानात नीलमचं ते अर्धं वाक्य आलं, मोबदला घेवो अथवा न घेवो. मी रजिस्टर ओढून घ्यायला गेले, तर माणसानं ते बगलेत धरलं. "शुक्रन, खाला," बाई म्हणाली. तिनं अगदी मनापासून आभार मानले.

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या पहिल्याच दिवशी, शाळेनं नीलमला ऑफिसात बोलावलं आणि पानांचे फोटो समोर ठेवले. नोकरी गेली. दोन आठवड्यांत देश सोडायचा. यशोधराचा पहिला पेपर त्याच्या पाच दिवस पुढे. आमचे हे ओळखीच्या प्रत्येक दाराशी जाऊन आले. उम्म खालिद काठी टेकत शाळेत गेली आणि रडून परत आली. सगळीकडे नुसतं इंशाल्ला, काम कुठेच झालं नाही. सहाही मुलांच्या बापांना बोलावून जबाब घेतले, आणि गल्लीनं आमच्याशी बोलणं सोडलं.

यांना मी पहिल्याच रात्री सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, "तिला सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत सांग." मी हो म्हटलं. रोज सकाळी हो म्हणत होते. दोनदा जिना अर्धा चढून परतले.

निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी उभी होती. यशोधराच्या पाठीवरच्या बॅगेत सराव पेपरांचा गठ्ठा, तो तिनं सामानात टाकू दिला नव्हता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर म्हणाली, "इट्स ओके, आंटी. आय विल डू इट नेक्स्ट इयर." आणि तोंड फिरवून गाडीत बसली. नीलम माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, हिला कळलंय. बरं झालं, आता शिव्या दे बाई, मोकळं कर मला.

तिनं हात जोडले. "भाभी, माफ करा. माझ्यामुळे तुमच्या घराची झडती झाली. तुमचं कपाट उचकलं त्यांनी. मी ते रजिस्टर तुमच्या गळ्यात मारायलाच नको होतं."

इतकं बोलणारी मी. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "नाही गो, त्यात काय."

आता ती अकोल्यात आहे. वडिलांच्या विहारात संध्याकाळचा वर्ग घेते. यशोधरा पुन्हा बारावीला बसणार आहे, तिकडचा अभ्यासक्रम वेगळा, सगळं पहिल्यापासून. दर शुक्रवारी नीलमचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारायच्या आधी तिचा एक प्रश्न असतोच.

"भाभी, त्या लोकांनी तुम्हाला परत त्रास दिला नाही ना?"

मी म्हणते, नाही.